डीएमए, पान एकशे आठ

दि. २ मार्च

चि. चिंगीस,
आत्याचे तोंडभरून आशीर्वाद.

आमच्या प्रयोगशाळेच्या वह्या संगणकात घालायचं काम तुझ्या कंपनीनं घेतलं आणि ते फिरत फिरत नेमकं तुझ्याच टेबलावर येऊन पडलं, हे कळल्यापासून माझी मान दोन इंच वर गेली आहे. फोनवर बोलू म्हणालीस, ते नको. फोनवर तू नुसती हो हो करतेस आणि मागे तुझी बोटं टकटक चालूच असतात. शिवाय आमच्याकडे फोन दाराशी काढून ठेवावा लागतो. आत द्रावकांची वाफ असते, एक ठिणगी पुरे. तेव्हा पत्रच लिहीत जाऊ. तुझं अक्षरही जरा माणसात येईल.

तुमची माणसं माझ्या एकोणीस वह्यांचे फोटो काढून घेऊन गेली आणि मागून चिठ्ठी आली, की वह्यांत वापरलेल्या संक्षेपांची यादी द्या, प्रत्येकापुढे एकच अर्थ लिहा. चारशे बारा संक्षेप निघाले. पण एकच अर्थ कसा लिहू गं? नुसता डीएमए घे. आमच्या एका इमारतीत चार डीएमए नांदतात! एक डायमिथाइल अ‍ॅसिटामाइड. त्यात आम्ही व्हार्निश पातळ करतो. दिसायला पाण्यासारखा, पण तोही काही साधू नाही. दुसरा डायमिथाइल अ‍ॅनिलीन. हा पिवळट, तेलकट आणि अंगाला वाईट. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून थेंबाथेंबानं घालायचा. तिसरा डायमिथाइल अमाइन, त्याचं झाकण उघडलं की सडक्या मासळीचा वास. आणि वरच्या मजल्यावर व्हार्निशची पापडी ताणून बघणारं एक यंत्र आहे, त्यालाही सगळे डीएमएच म्हणतात. तुझ्या साहेबांना सांग, बाईंनी चारही लिहिलेत आणि त्यातला एकही खोडणार नाहीत.

म्हणूनच माझा नियम आहे. पानावर संक्षेप पहिल्यांदा आला की शेजारी पूर्ण नाव. एकोणीस वह्यांत एक संक्षेप उघडा सापडला तर माझं नाव बदल.

या नियमामागे एक कडू गोष्ट आहे, ती तुला ठाऊक असलेली बरी. अठरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी होती. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच बायका, त्यात ती लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. हुशार होती, हात फार हलका. येऊन दहा महिने झाले होते. आधीच्या कारखान्यात डीएमए म्हटलं की अ‍ॅनिलीन, तीच सवय. एक दिवस मी रजेवर असताना तिनं माझी सातवी वही उघडली आणि पान १०८ वरून मोटारीच्या तारांचं व्हार्निश करायला घेतलं. अ‍ॅसिटामाइडच्या जागी वीस लिटर अ‍ॅनिलीन ओतलं! भांडं वाया गेलं ते गेलंच, पण दोन कामगारांना भोवळ आली, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळी ते बरे झाले, पण चौकशी बसली. वही उघडली तर पूर्ण नाव समोर लिहिलेलं. धाकटीला प्रयोगशाळेतून काढून लेबलं छापायच्या खोलीत बसवलं, ती आजतागायत तिथंच आहे. मला वाईट वाटलं. पण लिहिलेलं वाचायचंच नाही म्हटल्यावर कोण काय करणार?

असो. एकतीस तारखेला मी निवृत्त होते. त्याआधी सगळ्या वह्या तुझ्या संगणकात शिरल्या पाहिजेत. एकतीस वर्षांचं काम आहे, डाग नसलेलं. तुझ्या हातून जातंय याचा मला फार आनंद आहे. दादाला सांग गुडघ्याला शेक घे, आळस करू नको.

माया घट्ट आहे, तीत काही मिसळून पातळ करू नकोस.
तुझी,
आत्या


दि. ९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घे, चार संक्षेप सलामीलाच. तुझ्या नियमानं लिहायचं तर साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आता तरी अक्षराला नावं ठेवू नकोस.

आत्या, तुझी यादी आमच्याकडे गाजली. टेबलाशेजारच्या गड्यानं तुझा डीएमए वाचला आणि सरळ वगळून टाकला. म्हणे हा आमच्यातला आहे, बाईंच्या यादीत चुकून शिरला. कारण आमच्याकडे पाचवा डीएमए आहे, डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस. संगणकात एक मुख्य प्रोसेसर असतो, डिट्टो तुझ्यासारखा. प्रत्येक वस्तू माझ्या हातून गेली पाहिजे म्हणणारा. मग तो दमतो आणि सगळंच रखडतं. म्हणून अशी सोय केली, की डिस्कवरून आलेला माल त्याला मध्ये न घेता थेट मेमरीत जाऊन पडावा आणि काम झालं की त्याला फक्त निरोप मिळावा. तुझ्या प्रयोगशाळेत ही सोय कुणी का केली नाही, हे मी विचारत नाही. मला जीव प्यारा आहे.

साहेबांशी भांडून चारही अर्थ ठेवले. आता संक्षेपावर बोट ठेवलं की त्या पानावर तो कोणत्या अर्थानं आला आहे ते दिसतं. तुझा नियम आम्ही जसाच्या तसा उचलला. बाई कोण आहेत म्हणून तिघांनी विचारलं, आणि माझी आत्या असं सांगताना माझीही मान वर गेली.

एक शंका आहे. आमच्याकडे प्रत्येक नोंदीला दोन खाने असतात, काय लिहिलं आणि केव्हा लिहिलं. केव्हाचा खाना रिकामा असेल तर वही बंदच होत नाही, म्हणजे तिचं काम पुरं धरलं जात नाही. आता तुझ्या वह्यांत पहिल्या सहा पूर्ण आणि सातवीची ११२ पानं, यांवर मजकूर काळ्या शाईत आहे आणि पूर्ण नावं सगळी हिरव्या पेननं. पान ११३ पासून पुढे दोन्ही काळ्या शाईत. हिरव्या नावांना कोणती तारीख घालू? पान १०८ वरचंही हिरवंच आहे. ते तेव्हाच लिहिलेलं, की मागून? एका ओळीत कळव म्हणजे मी पुढे सरकते.

बाबा शेक घेत नाहीत. मी घरी गेले की बघतेच त्यांच्याकडे.

तुझ्या आशीर्वादाचा हक्क सोडत नाही.
तुझी,
चिंगी


दि. १३ मार्च

चि. चिंगीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. हिरवं पेन म्हणजे हिरवं पेन. हाताशी होतं, वापरलं. ज्या पानाची जी तारीख तीच त्यावरच्या सगळ्या मजकुराची तारीख धर, इतकं साधं आहे. फोटोतल्या शाईचा रंग बघत बसायला तुला कंपनी पगार देते का?

चौकशीत मोठ्या साहेबांनी मला एवढंच विचारलं होतं, की हे अक्षर तुमचं का. मी म्हटलं, माझंच. त्यात काडीचं खोटं नाही. कधी लिहिलं हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायला मी बांधलेली नव्हते. अठरा वर्षं झाली त्याला. त्यानंतर माझ्या प्रयोगशाळेत एक भांडं वाया गेलेलं नाही, एका माणसाला भोवळ आलेली नाही. ते या नियमामुळे, हे लक्षात ठेव.

तू तुझं काम कर. एकतीस तारीख जवळ आली.

आत्या


दि. १८ मार्च

ती. आत्यास, तुझ्या लाडक्या आणि तूर्त नावडत्या भाचीचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून खणात कोंबलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस बघितलंच नाही त्याच्याकडे. मग बाबांकडे गेले. त्यांना मी काही सुचवलं नाही. फक्त विचारलं, की आत्याचं हिरवं पेन आठवतं का.

ते एकदम खुलले. म्हणाले, न आठवायला काय झालं! त्या अपघातानंतर भांडी धुवायला कारखाना चार दिवस बंद होता. तू सातही वह्या घरी आणल्यास, जेवणाच्या टेबलावर मांडल्यास. जेवणं चार दिवस ओट्याशी उभ्यानं झाली. बाबा पानाचा आकडा आणि संक्षेप वाचायचे, तू पूर्ण नाव लिहायचीस. बोटं हिरवी झाली होती तुझी. पुन्हा कुणाच्या हातून अशी चूक होऊ नये म्हणून तू जिवाचं रान करते आहेस, असं बाबांना वाटलं. त्यांना अजूनही तसंच वाटतं, आणि मलाही.

पुढचं त्यांनी सहज सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, की सोमवारी जाऊन साहेबांना सांगते, १०८ वर मी डीएमए उघडा लिहिला होता, पोरीची चूक नाही. बाबांना वाटतं तू सांगितलंस. अठरा वर्षं त्यांना तसंच वाटतंय. मी त्यांना काही बोलले नाही.

आत्या, तो खाना मी रिकामा ठेवला आहे. पानाची तारीख मी घालणार नाही. ती घातली तर मशीनसुद्धा कायम हेच सांगेल, की नाव तिथं होतं आणि धाकटीनं वाचलं नाही. आजवर हे एका वहीत होतं, आता प्रत्येक पडद्यावर दिसेल. रिकामा ठेवला तर वही बंद होत नाही आणि तुझं काम एकतीसच्या आत पुरं होत नाही. साहेब विचारतील तेव्हा सांगेन, की उत्तर फक्त बाईंकडे आहे.

मला शाळेत तूच गणितं शिकवलीस. उत्तर मागे बघून मधल्या पायऱ्या भरल्या, तर वही फाडायचीस. मला तुझी भीती वाटत नाही असं नाही. पण तुझ्यावर भरवसा त्याहून मोठा आहे.

रागाव, पण आपली म्हण.
चिंगी


दि. २५ मार्च

चि. चिंगे,
आत्याचे आशीर्वाद. या वेळी ते देताना मीच जरा अवघडले आहे.

तुझं पत्र आल्यावर पहिले तीन दिवस मी तुझ्यावर धुसफुसत होते. भाची कसली, वैरीण, असं मोठ्यानं म्हणाले, स्वयंपाकघरात, एकटीच. चौथ्या दिवशी सातवी वही काढली, १०८ वर बोट ठेवलं आणि बसले. आता सगळं सांगते, मध्ये थांबवू नको.

त्या सोमवारी मी सांगायलाच गेले होते. खोलीत शिरले तर वही टेबलावर उघडी होती. सकाळी वह्या कपाटात परत ठेवून मी तिथं जाईपर्यंत कुणीतरी ती कपाटातून नेली होती आणि साहेबांचं बोट हिरव्या अक्षरावर होतं. धाकटी सांगत होती, की त्या दिवशी हे नाव इथं नव्हतं. साहेब म्हणाले, मग अक्षर काय आपोआप उगवलं? सगळे हसले. साहेबांनी मला विचारलं, मी माझंच अक्षर म्हटलं, आणि पुढचं वाक्य बोललेच नाही. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेची प्रमुख कोण ते ठरणार होतं आणि माझं नाव सगळ्यांत वर होतं. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे, स्वतःलासुद्धा. तेव्हा मनाशी म्हटलं, उद्या बोलू. मग उद्या लांबत गेला आणि हळूहळू मला खरंच वाटायला लागलं, की नाव तिथं पहिल्यापासून होतं. तुला पहिलं पत्र लिहिताना मी खोटं बोलत नव्हते गं, माझा विश्वासच बसला होता.

काल लेबलांच्या खोलीत गेले. अठरा वर्षांत मी तिथं दारातूनच यादी देऊन परतत असे. लहानशी खोली, एका भिंतीला चिकटपट्टीच्या कागदाची भेंडोळी, मध्ये छपाईचं मशीन, गोंदाचा वास. धाकटी आता पन्नाशीला आली, केस पांढरे झालेत. मी उभ्या उभ्याच सांगितलं सगळं. तिनं मशीन बंद केलं नाही. लेबलं एकामागून एक पडत होती आणि धाकटी ती सरळ करत होती.

मग म्हणाली, की बाई, मला ठाऊक होतं. पान मी वाचलं होतं, नाव नव्हतं. तेव्हा मी एकदा सांगितलं, तुम्ही ऐकलंत आणि वहीकडे बघत राहिलात. दुसऱ्यांदा सांगून तुम्हाला काय नवीन कळणार होतं? नंतर ती जे म्हणाली ते मला जन्मभर टोचणार आहे. पहिली दोन वर्षं तिला स्वतःचीच खात्री वाटेना. एवढे सगळे म्हणतात तर नाव असेलच, आपल्यालाच दिसलं नसेल. ती दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरांनी दोन्ही वेळा सांगितलं, की डोळ्यांत काही दोष नाही.

चिंगे, मला रडू आलं. माझं रडणं तू बघितलं नाहीस आणि बघूही नयेस, फार वाईट दिसतं. मी चुकले म्हटलं. ती म्हणाली, लिहून द्या.

तिथून थेट नव्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, सात दिवसांत निवृत्त होताय, जुनी मढी कशाला उकरता? मी म्हटलं, सात दिवसांनी उकरायला मी इथं नसेन. त्यांच्यासमोर बसून दोन पानं लिहिली, सही केली, एक प्रत धाकटीच्या हातात दिली. तिनं ती उभ्यानं वाचली, दोनदा. तिला पुन्हा प्रयोगशाळेत घ्या, हेही लिहिलं आहे, आणि ते होईपर्यंत मी साहेबांच्या दारातून हलणार नाही. त्यांनी माझा स्वभाव ऐकलेला आहे.

आता तुझा खाना भर. सोबत दोन तारखा दिल्या आहेत, मजकुराची वेगळी, हिरव्या नावाची वेगळी. पान १०८ च्या शेऱ्यात लिही, की करणारीची चूक नाही, लिहिणारीची आहे, आणि खाली माझं पूर्ण नाव घाल, संक्षेप नको. दादाला मीच येऊन सांगेन. तू आधी सांगितलंस तर बघ!

तुझा राग कधीच आला नव्हता, असं मी आता म्हणणार आहे आणि तू ते मान्य करायचंस. ही माया अशीच खडखडीत ठेव.
तुझी,
आत्या


दि. ६ एप्रिल

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमच्या आत्या मला धाकटी म्हणतात, त्या नावानं तुम्ही मला ओळखत असाल. पत्ता बाईंकडूनच घेतला. कशाला हवा, ते त्यांनी विचारलं नाही.

एक तारखेपासून मी प्रयोगशाळेत आहे. पहिल्या दिवशी मोजपात्र दोनदा खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी पान १०८ वरूनच व्हार्निश केलं. दाराबाहेरच्या तुमच्या पडद्यावर बोट ठेवलं, दोन्ही तारखा वाचल्या, शेरा वाचला आणि कामाला लागले. व्हार्निश स्वच्छ निघालं. पोरंटोरं मला आता बाई म्हणायला लागली आहेत, ओ द्यायला अजून वेळ लागतो. तुम्ही तो खाना रिकामा ठेवलात, त्याबद्दल आभार मानायचे आहेत. कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून नुसतं लिहिते.

एक गोष्ट बाई तुम्हाला कळवणार नाहीत, ती मी कळवते. निवृत्त होणाऱ्यांना कंपनी मानपत्र देते. ती मानपत्रं लेबलांच्या खोलीतच छापतात, म्हणजे इतकी वर्षं मीच छापत होते. बाईंचंही मीच छापलं. मजकूर वरून ठरलेला असतो, एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा. एकतीस तारखेला सकाळी, समारंभाच्या आधी, बाई ते मानपत्र घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, की निष्कलंक काढून नवीन छापून दे. मी म्हटलं, हा शब्द सगळ्यांच्याच मानपत्रावर असतो, कुणी वाचतही नाही. त्या म्हणाल्या, मी वाचते.

मी छापून दिलं. एकतीस वर्षांची सेवा, एवढंच. बाईंनी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली आणि आता बरोबर आहे म्हणाल्या. मला वाटलं, निघतील. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, कागद हातात धरून. माफ केलंस का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही, कारण मला अजून ठाऊक नाही.

माझ्या खोलीत खुर्ची एकच. मी उठले आणि ती त्यांना दिली.

आपली नम्र,
रसायनतज्ज्ञ, प्रयोगशाळा